कोण किती मिसळले? नेदरलँड्समधील एका मोजमापाचे प्रकरण

ॲम्स्टरडॅमच्या दक्षिणेला लागून असलेल्या ॲम्स्टेलवीन या शहरात जपानी आणि भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जपानी कंपन्यांमुळे आलेली कुटुंबे तिथे कित्येक दशकांपासून आहेत. भारतीय कुटुंबे प्रामुख्याने गेल्या पंधरा-वीस वर्षांत आली आणि त्यांत पुण्या-मुंबईहून माहिती तंत्रज्ञानाच्या कामासाठी गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. एकाच इमारतीत समोरासमोर राहणारे एक जपानी आणि एक भारतीय कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दोन्ही घरांत पगार सारखा, डच भाषा जेमतेम नमस्कार-चमत्कारापुरती, मुले आंतरराष्ट्रीय शाळेत, आणि चार-पाच वर्षांनी परत जावे की राहावे याचा निर्णय दोघांनीही लांबणीवर टाकलेला. तरीही १९९९ पासून २०२२ च्या आरंभापर्यंत डच सरकारी आकडेवारीत जपानी कुटुंब ‘पाश्चात्त्य’ रकान्यात पडत होते आणि भारतीय कुटुंब ‘अपाश्चात्त्य’ रकान्यात.

या विभागणीमागचे कारण लपवलेले नव्हते. युरोप, उत्तर अमेरिका आणि ओशियानिया यांच्या जोडीला इंडोनेशिया आणि जपान या दोन आशियाई देशांना ‘पाश्चात्त्य’ गटात घालताना, तिथून आलेल्यांची सामाजिक-आर्थिक आणि सामाजिक-सांस्कृतिक स्थिती त्या गटाशी जुळते, असे स्पष्टीकरण देशाच्या मध्यवर्ती सांख्यिकी संस्थेने, म्हणजे सीबीएसने, दिले होते. इंडोनेशियातून आलेले बहुतेक लोक पूर्वीच्या डच वसाहतीत जन्मलेल्या डच किंवा मिश्र वंशाच्या कुटुंबांतले होते, तर जपानमधून आलेले बहुतेक लोक जपानी कंपन्यांचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय होते. म्हणजे जे गट आधीच सुस्थितीत होते त्यांना भूगोल बाजूला सारून ‘पाश्चात्त्य’ ठरवले गेले, आणि पुढे त्याच रकान्यांच्या आधारे ‘पाश्चात्त्य’ स्थलांतरितांची स्थिती अधिक चांगली असल्याचे तक्ते दरवर्षी निघत राहिले. जे मोजून काढायचे, ते मोजपट्टीतच आधी शिवून टाकलेले होते.

स्थलांतरित लोक युरोपीय समाजात कितपत मिसळले हे मोजण्याचा प्रश्न येथे नेदरलँड्स या एकाच देशाच्या प्रकरणातून तपासला आहे, कारण इतका दीर्घ, इतका तपशीलवार आणि इतका भांडणांनी भरलेला प्रयत्न युरोपात फार थोड्या देशांनी केला. फ्रान्समध्ये वांशिक मूळ विचारून आकडेवारी गोळा करण्याचा मार्ग तिथल्या संविधान परिषदेने २००७ मध्ये जवळजवळ बंदच केला. जर्मनीने आईवडिलांच्या स्थलांतराची माहिती आपल्या मोठ्या वार्षिक पाहणीत २००५ पासून घ्यायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये मात्र ही माहिती सरकारी दप्तरात आधीपासूनच पडून होती.

दप्तरात काय आहे आणि काय नाही

नेदरलँड्समध्ये घरोघर जाऊन केलेली शेवटची जनगणना १९७१ ची. खासगीपणाच्या मुद्द्यावरून तिला इतका विरोध झाला की त्यानंतरची नियोजित गणना झालीच नाही आणि देशाने माणसांना प्रश्न विचारून मोजणे सोडून दिले. प्रत्येक रहिवाशाची नोंद नगरपालिकेच्या लोकसंख्या-नोंदवहीत असते आणि तीत त्याचा स्वतःचा तसेच आईवडिलांचा जन्मदेश लिहिलेला असतो. सीबीएस या नोंदी कर, पगार, शाळा, भत्ते आणि घरे यांच्या सरकारी नोंदींशी जोडते, आणि ओळख पुसून टाकलेल्या त्या जोडलेल्या माहितीतून कोणत्या देशातून आलेल्यांपैकी किती जण नोकरीत आहेत, त्यांची मुले कोणत्या शाळेत आहेत, कोण भत्त्यावर जगते, याचे तक्ते तयार होतात. नमुना-पाहणीत राहणारी बरीचशी अनिश्चितता येथे नसते. सगळा देशच तक्त्यात असतो.

मात्र नोंदवहीत धर्म नाही, घरी बोलली जाणारी भाषा नाही आणि माणूस स्वतःला काय समजतो हेही नाही. याचा परिणाम पाहण्यासाठी द हेगमधील सुरिनामी हिंदुस्तानी समाजाचे उदाहरण पुरेसे आहे. १८७३ ते १९१६ या काळात पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहार या भागांतून सुमारे ३४ हजार माणसे करारबद्ध मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत नेली गेली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या आगेमागे त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळ जण नेदरलँड्समध्ये आले. घरात सरनामी ही भोजपुरीशी नाते सांगणारी भाषा बोलणारे आणि फगवा म्हणजे होळी खेळणारे असे कुटुंब नोंदवहीत ‘सुरिनाम’ एवढेच असते, आणि गुलामगिरीत नेलेल्या आफ्रिकी पूर्वजांचे वंशजही तिथे ‘सुरिनाम’ एवढेच असतात. त्यामुळे सुरिनामी मुलांच्या शालेय प्रगतीचा जो एक आकडा छापला जातो, तो निदान दोन अगदी वेगळ्या इतिहासांची सरासरी असतो. पुण्याहून गेलेला अभियंता मात्र ‘भारत’ या वेगळ्या ओळीत येतो.

जे नोंदवहीत नाही ते विचारण्यासाठी पाहण्या होतात. सामाजिक आणि सांस्कृतिक नियोजन संस्थेने २००६ पासून काही वर्षांच्या अंतराने केलेल्या पाहण्यांत मुलांशी कोणत्या भाषेत बोलता, फावल्या वेळात मूळच्या डच लोकांशी किती गाठीभेटी होतात, स्वतःला डच मानता का, असे प्रश्न असतात. ही माहिती मोलाची आहे. पण मूळच्या डच माणसाने गेल्या महिन्यात किती तुर्की शेजाऱ्यांकडे चहा घेतला, हे त्याच्या एकात्मतेचे माप म्हणून वाचण्याची पद्धत नाही. रॉटरडॅममधील समाजशास्त्रज्ञ विलेम स्खिंकेल यांनी नेमक्या याच मुद्द्यावर सगळ्या मोजणीवर टीका केली आहे: मूळ रहिवासी बेकार असला तर तो बेकार ठरतो, स्थलांतरिताचा मुलगा बेकार असला तर तो ‘एकात्म न झालेला’ ठरतो. ही टीका टोकाची वाटली तरी तक्त्यांची मांडणी पाहता ती खोडून काढणे सोपे नाही.

भूमिपुत्र आणि उपरे

१९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी मजूरभरतीचे करार झाले, तेव्हा येणारे लोक काही वर्षे कारखान्यांत काम करून परत जातील, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते. १९७३-७४ च्या सुमारास भरती थांबली, माणसे मात्र राहिली आणि कुटुंबेही आली. ती परत जाणार नाहीत हे सरकारने मान्य करायला १९७९-८० उजाडले. त्यानंतरची काही वर्षे धोरणात ‘वांशिक अल्पसंख्याक’ हा शब्द होता. १९८९ मध्ये सरकारला धोरणविषयक सल्ला देणाऱ्या वैज्ञानिक परिषदेने आपल्या अहवालात ‘अलोख्तोन’ हा शब्द रूढ केला. समाजशास्त्रज्ञ हिल्डा फेर्वेय-योंकर यांनी १९७१ मध्ये तो वापरात आणला होता. ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ दुसऱ्या मातीचा असा होतो, आणि त्याचा जोडशब्द ‘औतोख्तोन’ म्हणजे त्याच मातीतला. मराठी वाचकाला ही जोडी समजावून सांगण्याची गरज नाही. ‘भूमिपुत्र’ आणि ‘उपरा’ हे शब्द आपल्याकडे कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या सुरात वापरले जातात, ते त्याला ठाऊक असते.

सांख्यिकी व्याख्या कोरडी होती: ज्याच्या आईवडिलांपैकी निदान एक जण परदेशात जन्मला असेल तो अलोख्तोन. आई परदेशात जन्मलेली असेल तर तिचा देश धरायचा, ती नेदरलँड्समध्ये जन्मलेली असेल तर वडिलांचा. ही व्याख्या काटेकोर लावली की राजघराण्यातच गंमत होते. राजा विलेम-अलेक्सांडर यांचे वडील जर्मनीत जन्मलेले, म्हणून ते दुसऱ्या पिढीतील पाश्चात्त्य अलोख्तोन. राणी माक्सिमा ब्वेनोस आइरेसमध्ये जन्मलेल्या, आणि लॅटिन अमेरिका ‘अपाश्चात्त्य’ गटात असल्यामुळे त्या पहिल्या पिढीतील अपाश्चात्त्य अलोख्तोन ठरतात. देशाची भावी राणी असलेली त्यांची थोरली कन्या दुसऱ्या पिढीतील अपाश्चात्त्य. रस्त्यावर किंवा वर्तमानपत्रात हा शब्द उच्चारला जाई तेव्हा यांपैकी कोणीही कोणाच्या मनात नसे. मनात असत ते तुर्की आणि मोरोक्कन तरुण. व्याख्या एक आणि व्यवहारातला अर्थ दुसरा, ही या शब्दाची खरी अडचण होती. माक्सिमा यांनीच २००७ मध्ये याच वैज्ञानिक परिषदेच्या एका अहवालाच्या प्रकाशनप्रसंगी, ठरावीक साच्यातला ‘डच माणूस’ अस्तित्वातच नाही अशा आशयाचे विधान केले आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. ज्याच्यासारखे व्हायचे तो नमुनाच नसेल तर अंतर कशापासून मोजायचे, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी फारसा पुढे नेला नाही.

२०१६ च्या अखेरीस सीबीएस आणि वैज्ञानिक परिषद या दोघांनीही हा शब्द सोडला आणि ‘स्थलांतराची पार्श्वभूमी असलेली व्यक्ती’ असे म्हणायला सुरुवात केली. रकाने तेच राहिले. २०२१ मध्ये त्या रकान्यांत सुमारे ४३ लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यांतील चार लाखांहून थोडे अधिक तुर्की, तेवढेच मोरोक्कन आणि साडेतीन लाखांच्या वर सुरिनामी मुळाचे.

यांत न दिसणारी एक गोष्ट अशी, की नातवंडे या गणतीत नसतात. दुसऱ्या पिढीतील दोघांनी आपसांत लग्न केले तरी त्यांची नेदरलँड्समध्ये जन्मलेली मुले सरळ ‘डच’ रकान्यात जातात. तिसऱ्या पिढीला त्रास होत असेल तर तो दिसत नाही, आणि तिने यश मिळवले असेल तर तेही आजोबांच्या गटाच्या खात्यावर जमा होत नाही.

२००४: एकच माहिती, दोन निकाल

सप्टेंबर २००२ मध्ये डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहापुढे समाजवादी पक्षाचे नेते यान मारायनिसन यांनी एकात्मता-धोरणाच्या चौकशीचा ठराव मांडला. त्याच वर्षी ६ मे रोजी, निवडणुकीला नऊ दिवस उरले असताना, स्थलांतर हाच प्रचाराचा मुख्य मुद्दा करणारे पिम फोर्टाउन यांची हत्या झाली होती आणि देशाचे राजकारण ढवळून निघाले होते. आजवरचे धोरण पुरेसे यशस्वी झालेले नाही, हे ठरावात गृहीतच धरलेले होते. आता चांगल्या धोरणासाठी सामग्री हवी होती. स्टेफ ब्लोक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मूळ संशोधनाचे काम ज्या संस्थेकडे गेले तिला हिल्डा फेर्वेय-योंकर यांचेच नाव होते.

१९ जानेवारी २००४ रोजी आलेल्या अहवालात समितीने म्हटले, की अनेक स्थलांतरितांची एकात्मता पूर्णतः किंवा अंशतः यशस्वी झाली आहे, आणि हे त्या नागरिकांचे तसेच त्यांना सामावून घेणाऱ्या समाजाचे मोठे कर्तृत्व आहे. सरकारी धोरणाला मात्र समितीने त्याचे फारसे श्रेय दिले नाही. अहवाल हाती पडण्याआधीच मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी हा निष्कर्ष भाबडा ठरवून झटकून टाकला.

या घटनेकडे सहसा राजकीय असहिष्णुतेचा नमुना म्हणून पाहिले जाते, आणि तशी ती होतीही. परंतु मोजमापाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजत होत्या आणि आपापल्या पट्टीपुरते दोघांचेही बरोबर होते. समिती मुलांची तुलना त्यांच्या आईवडिलांशी करत होती. मोरोक्कोतील रिफ पर्वतातून किंवा तुर्कस्तानच्या मध्य आनातोलियातून आलेल्या, कित्येकदा प्राथमिक शाळाही न संपवलेल्या मजुराची मुलगी उच्च शिक्षण घेत असेल, तर एका पिढीतली ही झेप कोणत्याही समाजात मोठीच मानली जाईल. टीकाकार त्याच मुलीच्या गटाची तुलना त्याच वर्षीच्या सरासरी डच मुलांशी करत होते आणि तिथे दरी ठळक होती. अपाश्चात्त्य गटातील बेकारी तेव्हाही, आणि पुढेही दीर्घकाळ, मूळच्या डच लोकांच्या दुपटीहून अधिक होती.

तुलनेचा तिसराही एक आधार आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत जास्त शिकवणारा आहे: स्थलांतरितांच्या मुलांची तुलना तितक्याच कमी शिकलेल्या मूळ डच आईवडिलांच्या मुलांशी करायची. तसे केले की शिक्षणातील दरी बरीच आकसते, पण नोकरीतील दरी तितकी आकसत नाही. याचा अर्थ शाळेच्या आकड्यांमागे मोठ्या प्रमाणात वर्ग आहे, आणि नोकरीच्या आकड्यांमागे त्याखेरीज आणखी काहीतरी, ज्यात अर्जावरचे नाव पाहून होणारा भेदभाव येतो. एकच ‘एकात्मता’ हा शब्द या दोन्हींवर झाकण घालतो.

शाळेची रचनाही या आकड्यांत दडलेली असते. नेदरलँड्समध्ये साधारण बाराव्या वर्षी मुलांची वेगवेगळ्या स्तरांच्या शाळांत वाटणी होते. मॉरिस क्रुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ देशांतील पंधरा शहरांत दुसऱ्या पिढीच्या तरुणांची पाहणी केली, तेव्हा जवळपास सारख्याच ग्रामीण, अल्पशिक्षित तुर्की कुटुंबांतील मुले स्वीडन आणि फ्रान्समध्ये उच्च शिक्षणापर्यंत अधिक प्रमाणात पोहोचलेली, आणि लवकर वाटणी करणाऱ्या जर्मनी-ऑस्ट्रियात कमी प्रमाणात पोहोचलेली आढळली. नेदरलँड्समधील तुर्की कुटुंबांतील मुले मधल्या जागी होती. तिथे खालच्या स्तरातून पायरी-पायरीने वर चढण्याचा लांबचा रस्ता उघडा असतो आणि पुष्कळ स्थलांतरित मुले तोच रस्ता धरतात, फक्त त्यांची काही वर्षे जास्त जातात. बाविसाव्या वर्षी मोजले तर ती मागे पडलेली दिसतात, अठ्ठाविसाव्या वर्षी मोजले तर तितकी नाही.

आकडा कसा हलतो

दरी वाढली की एकात्मता बिघडली असे वाचण्याची सवय इतकी रुळलेली आहे, की एक साधे काल्पनिक गणित मांडणे गरजेचे वाटते. समजा एखाद्या शहरात १००० जुने स्थलांतरित आहेत आणि त्यांपैकी ७०० नोकरीत आहेत. प्रमाण ७० टक्के. पुढच्या दोन वर्षांत युद्धातून पळून आलेले ५०० निर्वासित तिथे येतात आणि त्यांतील १०० जणांना काम मिळते; दरम्यान जुन्यांपैकी नोकरीत असलेल्यांची संख्या ७२० होते. आता एकूण १५०० पैकी ८२० जण नोकरीत आहेत, म्हणजे जेमतेम ५५ टक्के. जुन्यांची स्थिती सुधारली, नव्यांपैकी काही जण कामाला लागले, एकाचीही नोकरी गेली नाही, आणि मथळा मात्र पंधरा टक्क्यांच्या घसरणीचा होईल.

म्हणून सीबीएसने २०१४ पासून आश्रय मिळालेल्यांच्या तुकड्या वेगळ्या काढून, त्याच माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवण्याची पद्धत घेतली, आणि ती या सगळ्या व्यवहारातील सर्वांत प्रामाणिक पद्धत म्हणावी लागेल. तिलाही एक भोक आहे: जे देश सोडून जातात ते माहितीतून गळतात, आणि जाणारे लोक नमुनेदार नसतात. कधी अपयशी परत जातात. कधी सर्वांत हुशार माणूस लंडन किंवा ब्रसेल्सला निघून जातो.

नागरिकत्वाचा आकडा तर याहून फसवा आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये, ॲम्स्टरडॅममध्ये चित्रपट-दिग्दर्शक थिओ फान खोख यांच्या हत्येला तीन आठवडेही झाले नसताना, नेदरलँड्सच्या अध्यक्षतेखाली युरोपीय संघाने एकात्मतेची ११ समान तत्त्वे स्वीकारली. त्यांतले पहिलेच तत्त्व सांगते, की एकात्मता ही स्थलांतरित आणि स्थानिक रहिवासी या दोघांनी एकमेकांशी जुळवून घेण्याची दुहेरी प्रक्रिया आहे. मराठीत ही गोष्ट क्रियापदांतूनच दिसते: ‘समरस होतो’ तो आलेला माणूस, ‘सामावून घेतो’ तो यजमान समाज, आणि ‘एकात्मता’ म्हटले की कर्ता कोण हेच कळत नाही. २०१० मध्ये स्पेनमधील सारागोसा येथे मंत्र्यांनी मोजणीची चार क्षेत्रे ठरवली: रोजगार, शिक्षण, सामाजिक समावेश आणि सक्रिय नागरिकत्व. पहिली तीन जवळजवळ पूर्णपणे स्थलांतरितालाच मोजतात. चौथ्यात नागरिकत्व घेतलेल्यांचे प्रमाण येते, आणि ते तरी यजमान देशाचा दरवाजा किती उघडा आहे हे दाखवील, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात त्यात तिसऱ्याच देशाचे कायदे मिसळतात. डच नागरिकत्व घेताना सामान्यतः जुने सोडावे लागते, पण मोरोक्को आपले नागरिकत्व सोडू देत नाही, म्हणून मोरोक्कन माणसाला त्यातून सूट मिळते आणि दोन्ही राहतात. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. ॲम्स्टेलवीनमधील मराठी अभियंत्याने डच नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो घेत नसेल तर त्याला डच समाज परका वाटतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. कदाचित सांगलीजवळची शेतजमीन आणि म्हातारे आईवडील एवढेच कारण असेल. शिवाय जिथे आकडे नागरिकत्वानुसार काढले जातात तिथे नागरिकत्व घेतलेला माणूस ‘परदेशी’ या ओळीतून बाहेर पडतो, आणि मागे राहिलेल्यांची सरासरी त्यामुळेच खाली येते.

देशांच्या धोरणांना गुण देणारा मायपेक्स हा निर्देशांक याच चर्चेत नेहमी ओढला जातो. तो माणसांची स्थिती मोजत नाही, कायदे किती समान हक्क देतात ते मोजतो. २०२० च्या आवृत्तीत स्वीडन १०० पैकी ८६ गुणांसह पहिला होता, आणि त्याच स्वीडनमध्ये स्थानिक आणि परदेशात जन्मलेले यांच्या रोजगारातील दरी युरोपातील मोठ्या दऱ्यांपैकी एक आहे. नेदरलँड्सचे गुण २०१० नंतरच्या दशकात घसरले. दोन मापे विरुद्ध दिशांना जाऊ शकतात, आणि त्यांतील हवे ते उचलण्याची सोय दोन्ही बाजूंच्या राजकारण्यांना मिळते.

परीक्षेत पास झालेला नागरिक

नेदरलँड्सने मोजमापाचे आणखी एक साधन तयार केले: परीक्षा. १९९८ च्या कायद्याने नवागतांना भाषा आणि समाजज्ञानाचे वर्ग सक्तीचे केले. या सगळ्या प्रक्रियेला डच भाषेत ‘इनबुर्गरिंग’ म्हणतात, म्हणजे नागरिक म्हणून रुळणे. २००६ पासून कुटुंबासाठी येणाऱ्यांना त्यांच्या मायदेशातच प्राथमिक परीक्षा द्यावी लागू लागली. जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांना तिच्यातून सूट होती. डच नवऱ्याकडे जाणाऱ्या भारतीय पत्नीला ही परीक्षा द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञानातील कुशल कर्मचारी म्हणून गेलेल्या नवऱ्याबरोबर जाणाऱ्या मराठी पत्नीला ती द्यावी लागत नाही, कारण त्यांचा मुक्काम तात्पुरता धरला जातो, मग तो पंधरा वर्षांचा का होईना. ज्यांना कोणी मोजतच नाही ते एकात्मतेच्या चर्चेत ‘समस्या’ म्हणून येत नाहीत.

२०१३ च्या कायद्याने जबाबदारी पूर्णपणे स्थलांतरितावर टाकली: १० हजार युरोपर्यंत कर्ज काढा, बाजारातून शिकवणी निवडा, तीन वर्षांत परीक्षा द्या. जानेवारी २०१७ मध्ये देशाच्या लेखापरीक्षण संस्थेने दाखवून दिले, की आधीच्या कायद्याच्या तुलनेत वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण घटले आहे. ६०० तास शिकवणी घेऊन चार वेळा नापास झालेल्याला सूट मागता येत असे. म्हणजे पुरेसे प्रयत्न करून भाषा न आलेला आणि भाषा आलेला हे दोघेही ‘कर्तव्य पूर्ण’ या एकाच खात्यात जमा होत. १ जानेवारी २०२२ पासून नव्या कायद्याने सूत्रे पुन्हा नगरपालिकांकडे दिली आणि भाषेची अपेक्षित पातळी वाढवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने, निर्वासितांना अशी परीक्षा सक्तीची करता येईल, पण नापास झाल्याबद्दल सरसकट दंड करणे आणि खर्च त्यांच्या माथी मारणे चालणार नाही, असा निकाल दिला.

तेच दप्तर, दुसरा हात

सीबीएसला आपली माहिती कोणा एका व्यक्तीविरुद्ध वापरता येत नाही, आणि ही भिंत आजवर टिकली आहे. परंतु कर खात्याचे दप्तर वेगळे होते. लोकसंख्या-नोंदवहीत डच नागरिकाचे दुसरे नागरिकत्व लिहिणे जानेवारी २०१४ पासून बंद झाले. तरीही मे २०१८ मध्ये कर खात्याच्या संगणकांत सुमारे १४ लाख लोकांच्या दुहेरी नागरिकत्वाच्या नोंदी शिल्लक होत्या. पाळणाघराच्या भत्त्यात फसवणूक शोधताना नागरिकत्वाचा वापर झाला, हजारो पालकांना खोटे ठरवून पैसे परत मागितले गेले, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी त्या प्रकरणात पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सांख्यिकी तक्ते आणि कर खात्याची यादी एक नव्हेत. पण ज्याच्या घरी नोटीस आली त्याने हा फरक ओळखावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. या देशाला तर आणखी जुनी आठवण आहे: दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना ज्यू नागरिक शोधायला येथील नीटनेटक्या नोंदींची मदत झाली, आणि मार्च १९४३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लोकसंख्या-नोंदणी कार्यालयाला प्रतिकार चळवळीने आग लावली ती त्यासाठीच.

एका आकड्याने तर या संपूर्ण मोजणीच्या गृहीतकालाच धक्का दिला. स्थलांतरितांपैकी जे अधिक शिकलेले, उत्तम डच बोलणारे आणि नोकरीत स्थिरावलेले आहेत, तेच पाहण्यांत भेदभावाची तक्रार अधिक करतात आणि आपण या देशाचे आहोत असे कमी सांगतात, असे वारंवार दिसून आले आहे. डच संशोधक याला एकात्मतेचा विरोधाभास म्हणतात. कदाचित यात विरोधाभास नसेलच. बरोबरीने बसल्यावर बरोबरीची वागणूक न मिळणे अधिक टोचते, एवढेच असेल.

२०२२ नंतर

वैज्ञानिक परिषदेच्या २०२१ च्या सल्ल्यानंतर सीबीएसने २०२२ मध्ये ‘पाश्चात्त्य’ आणि ‘अपाश्चात्त्य’ हे रकाने मोडले. आता पहिला प्रश्न व्यक्ती स्वतः कुठे जन्मली हा असतो, आईवडील कुठे जन्मले हे त्यानंतर येते. आणि देशांची मांडणी खंडांनुसार तसेच तुर्कस्तान, मोरोक्को, सुरिनाम, इंडोनेशिया अशा मोठ्या मूळ देशांनुसार होते. दर दोन वर्षांनी निघणाऱ्या अहवालाच्या नावात ‘एकात्मता’ या शब्दाला ‘सहजीवन’ जोडले गेले.

ॲम्स्टेलवीनमधील ती दोन शेजारी कुटुंबे आता एकाच आशियात मोजली जातात. त्याच आशियात २०१५ च्या आसपास आलेले सीरियन निर्वासितही आहेत. जपानी व्यवस्थापक, मराठी अभियंता आणि अलेप्पोहून आलेला शिंपी यांच्या रोजगाराची सरासरी काढली तर ती तिघांपैकी कोणाचीच नसते, म्हणून खंडांचा तक्ता हाती घेणाऱ्याने त्याच्या शेजारी येण्याचे कारण आणि मुक्कामाची वर्षे हे दोन रकाने मागून घ्यावेत. ते सीबीएसकडे असतात. त्या इमारतीतले मराठी कुटुंब परत गेले नाही आणि तिथेच मूल झाले, तर ते ‘नेदरलँड्समध्ये जन्म, दोन्ही पालक परदेशात जन्मलेले’ या ओळीत येईल. त्या मुलाच्या मुलांसाठी नव्या मांडणीतही ओळ नाही.